मसूर रेल्वे स्टेशन : गाडीने पोहोचवले, गावाने अडवले

सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यात, पुणे-मिरज रेल्वेमार्गावर मसूर नावाचे एक छोटे स्टेशन आहे. लांब पल्ल्याच्या गाडीतून जाणाऱ्याला ते दिसते आणि क्षणात मागे पडते. आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात मात्र या स्टेशनचे स्थान मोठे आहे. १९०१ साली याच फलाटावर बाबासाहेब नऊ-दहा वर्षांचे असताना आपल्या भावंडांसह उतरले आणि जात म्हणजे काय असते, हे त्यांना इथे एका संध्याकाळीत कळले. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, महाड, येवला ही नावे आपल्या तरुणांना तोंडपाठ आहेत. मसूरचे नाव विचारले, तर बरेच जण थांबतात. म्हणून या स्टेशनचा इतिहास, तिथल्या सोयी आणि त्या घटनेचा अर्थ आम्ही इथे एकत्र मांडत आहोत.

स्टेशन कुठे आहे?

पुणे-मिरज मार्ग सुमारे २८० किलोमीटरचा आहे. पुण्याहून निघाल्यावर जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार अशी स्टेशने घेत गाडी साताऱ्याला येते. साताऱ्यानंतर कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव आणि मग मसूर लागते. मसूरच्या पुढे शिरवडे आणि त्यानंतर कराड. पुणे-बंगळूर महामार्गाने येणाऱ्यांनी उंब्रजला उतरून पूर्वेकडे वळायचे.

मसूर गाव जुने आहे. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक इथे असल्यामुळे पर्यटनाच्या पुस्तकांत गावाचा उल्लेख सापडतो. स्टेशनवर घडलेल्या प्रसंगाची आठवण ठेवणे मात्र आपल्यालाच करावे लागेल.

मार्गाचा इतिहास

हा मार्ग सदर्न मराठा रेल्वे या कंपनीने बांधला. ही कंपनी १८८२ मध्ये स्थापन झाली आणि त्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत तिने पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा या पट्ट्यात रूळ टाकले. रूळ मीटर गेजचे होते, म्हणजे दोन रुळांमधले अंतर एक मीटर. पुणे-मुंबई मार्ग ब्रॉड गेजचा, त्यामुळे मुंबईकडून येणाऱ्याला पुण्यात गाडी बदलावी लागे आणि मालही एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे.

रेल्वेमार्ग एकेरी होता. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची, तर ठरावीक अंतरावर जास्तीचा रूळ हवा. वाफेच्या इंजिनाला वाटेत पाणीही लागे. त्यामुळे मोठी बाजारपेठ नसलेल्या जागीही स्टेशने झाली. दुसरीकडे, खटाव-माणसारख्या दुष्काळी तालुक्यांच्या मोठ्या भागातून रेल्वे गेलीच नाही. तिथल्या माणसाला मसूर, रहिमतपूर अशा स्टेशनवर उतरून पुढे बैलगाडीनेच जावे लागे. ही बाब लक्षात ठेवायला हवी, कारण पुढची सगळी हकिगत या बैलगाडीच्या टप्प्यावर घडते.

१९०८ मध्ये मद्रास रेल्वे आणि सदर्न मराठा रेल्वे यांची मिळून एम.एस.एम. म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला हा मार्ग याच नावाने माहीत होता. स्वातंत्र्यानंतर १४ एप्रिल १९५१ रोजी दक्षिण रेल्वे स्थापन झाली आणि हा मार्ग तिच्याकडे गेला. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची आहे. तो योगायोग, पण लक्षात राहणारा. पुढे १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे झाली. १९७१ पर्यंत पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉड गेज झाला आणि मुंबईहून थेट कोल्हापूरपर्यंत गाडी जाऊ लागली. आज हा मार्ग मध्य रेल्वेच्या पुणे विभागात आहे. गेल्या काही वर्षांत मार्गाचे विद्युतीकरण झाले आहे आणि दुपदरीकरणाचेही मोठे काम झाले आहे.

१९०१ : चार मुले आणि एक फलाट

बाबासाहेबांनी ही हकिगत स्वतः लिहून ठेवली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्या इंग्रजी आत्मकथनाचे पहिलेच प्रकरण या प्रवासाचे आहे. हे लेखन त्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने आले नाही. १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिका म्हणून काढले आणि नंतर महाराष्ट्र शासनाच्या 'लेखन आणि भाषणे' मालिकेच्या बाराव्या खंडात त्याचा समावेश झाला.

तेव्हा कुटुंब साताऱ्यात राहत होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले होते. हीच आजची प्रतापसिंह हायस्कूल, आणि याच तारखेला राज्यात आता विद्यार्थी दिवस पाळला जातो. आई भीमाबाई आधीच गेल्या होत्या. लष्करातून निवृत्त झालेले वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगाव इथे खजिनदार होते. दुष्काळात उपासमार झालेल्या लोकांना काम मिळावे म्हणून मुंबई सरकारने तिथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी मुलांना बोलावून घेतले.

भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि दिवंगत थोरल्या बहिणीची दोन मुले, असे चौघे निघाले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे, असा थाट होता. त्यांच्यापैकी कोणीही तोवर आगगाडी पाहिली नव्हती. घरापासून स्टेशन दहा मैल लांब होते. तिथवर टांग्याने आले, तिकिटे काढली, हातखर्चाच्या पैशांतून लेमोनेड प्यायले आणि गाडीत बसले. मसूरला गाडी पोहोचली, तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते.

उतारू पांगले. मुलांना न्यायला कोणी आले नव्हते. येत असल्याचे पत्र पाठवले होते. पण वडिलांच्या नोकराने ते त्यांना दिलेच नाही, हे मागाहून कळले. स्टेशन मास्तर जवळ आला आणि त्याने चौकशी केली. कपड्यांवरून त्याला ही ब्राह्मणांची मुले वाटली होती. तुम्ही कोण, असे त्याने विचारताच भीमरावांनी सरळ सांगून टाकले की आम्ही महार. मास्तरचा चेहरा बदलला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. मुले तिथेच उभी राहिली. अर्ध्या तासाने तो परत आला.

स्टेशनबाहेर भाड्याच्या बैलगाड्या होत्या. मुले महारांची आहेत ही बातमी तोवर गाडीवानांत पसरली होती. दुप्पट भाडे देऊ म्हटले तरी एकही तयार होईना. शेवटी मास्तरने तोडगा काढला : गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालेल, भाडे मात्र दुप्पट.

साडेसहाच्या सुमारास गाडी निघाली. तीन तासांत पोहोचू असे गाडीवान म्हणाला होता. वाटेत त्याने एका गावात जेवण उरकले. मुलांजवळ डबा होता, पण पाणी नव्हते. जे पाणी दाखवले गेले ते चिखल आणि गुरांच्या मलमूत्राने भरलेले होते. मध्यरात्री एका टेकडीच्या पायथ्याशी टोलनाका लागला. गाडीवानाच्या सांगण्यावरून भीमरावांनी तिथे आम्ही मुसलमान आहोत असे सांगितले आणि उर्दूत बोलून पाणी मागितले. तरीही पाणी मिळाले नाही. चौघे उपाशी-तहानलेले झोपले. गोरेगाव आले ते दुसऱ्या दिवशी अकरा वाजता.

गोरेगाव की कोरेगाव?

आपल्या अभ्यासवर्गांत इथे नेहमी गोंधळ होतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. काही छापील मजकुरांत आणि शालेय पुस्तकांत या गावाचे नाव 'कोरेगाव' असे आले आहे. त्यामुळे कोणाला सातारा जिल्ह्यातले तालुक्याचे कोरेगाव वाटते, तर कोणाला थेट भीमा कोरेगाव.

दोन्ही बरोबर नाहीत. भीमा कोरेगाव पुणे जिल्ह्यात आहे. त्याचा या प्रवासाशी संबंध नाही. तालुक्याचे कोरेगाव याच रेल्वेमार्गावर, पण मसूरच्या बरेच अलीकडे, साताऱ्याजवळ आहे. तिथे जाणारा माणूस साताऱ्याहून निघून कोरेगाव मागे टाकत मसूरपर्यंत येणार नाही. बाबासाहेबांच्या मजकुरात खटाव तालुका असे स्पष्ट म्हटले आहे. खटाव तालुक्यातले गोरेगाव धरले, तरच मसूरला उतरण्याला अर्थ राहतो. जयंतीच्या भाषणात किंवा पोस्टरवर हा उल्लेख करताना एवढी काळजी घ्यावी.

तिकीट सारखे, सोय वेगळी

या घटनेत आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी. साताऱ्याकडच्या स्टेशनपासून मसूरपर्यंत या मुलांना कोणी जात विचारली नाही. तिकिटाचे पैसे दिले की डब्यात जागा मिळाली. अडवणूक सुरू झाली ती गाडीतून उतरल्यावर. थांबायला जागा, प्यायला पाणी, पुढे न्यायला वाहन : स्टेशनच्या सोयी म्हणून आपण ज्या तीन गोष्टी मोजतो, नेमक्या त्याच तिन्ही नाकारल्या गेल्या.

रेल्वेने जात मोडली, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. त्यात अर्धेच सत्य आहे. रेल्वेने सगळ्यांना एका गाडीत बसवले हे खरे. पण स्टेशन चालवणारी, स्टेशनबाहेर गाडी घेऊन उभी असणारी आणि पाणी पाजणारी माणसे गावातलीच होती आणि गावाचे नियम सोबत घेऊन आली होती. त्या काळात अनेक स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे ठेवले जाई. सोय सरकारी असली, तरी ती जातिधर्माच्या चौकटीतून वाटली जात होती.

स्टेशन मास्तरकडेही नीट पाहायला हवे. तो क्रूर माणूस नव्हता. तो परत आला, गाडीवानांशी बोलला, मार्ग काढला. पण त्याचा मार्ग जातीच्या नियमाला जराही धक्का लावत नाही. मुलांची अडचण सुटली. गाडीवानाचा विटाळही राखला गेला आणि दुप्पट भाडेही मिळाले. समाजकार्यात आम्हाला असे 'तोडगे' आजही भेटतात. वाद नको म्हणून वेगळी पंगत, तंटा नको म्हणून वेगळा मिरवणुकीचा रस्ता. तोडगा काढणारा मनाने चांगला असतो, आणि किंमत मात्र प्रत्येक वेळी एकाच बाजूने मोजायची असते.

स्टेशनवर नोकरी कोणाला मिळत होती, हाही सोयीचाच प्रश्न आहे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही बाबासाहेबांची प्रसिद्ध मांडणी याच परिषदेतली. त्याच भाषणात त्यांनी एक बारीक निरीक्षण नोंदवले होते. अस्पृश्य माणूस रेल्वेत मुख्यतः गँगमन म्हणून राबतो; त्याला स्टेशनवर पोर्टरचेही काम मिळत नाही. कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि सवर्ण मास्तरला घरात अस्पृश्य चालत नाही. उन्हातान्हात रूळ सांभाळणारा माणूस फलाटावर मात्र नको होता. मसूरच्या मास्तरचा बदललेला चेहरा आणि मनमाडचे हे भाषण एकत्र वाचले, की ती संध्याकाळ एका माणसाच्या स्वभावापुरती उरत नाही, व्यवस्था दिसू लागते.

अठ्ठावीस वर्षांनी, दुसरे स्टेशन

१९२९ सालची ही गोष्ट. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. या कामासाठी ते खानदेशात गेले. तेव्हा ते बॅरिस्टर होते, मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते आणि कोलंबिया व लंडनच्या पदव्या त्यांच्याकडे होत्या. परतताना चाळीसगाव स्टेशनवर तिथल्या समाजबांधवांनी त्यांना एक रात्र राहण्याचा आग्रह केला.

महारवाड्यापर्यंत न्यायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. अखेर टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र आला नाही. समाजातल्याच एकाने लगाम हाती घेतले. त्याला टांग्याची सवय नव्हती. वाटेत घोडा बिथरला, बाबासाहेब पुलाच्या फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

१९०१ मध्ये बैलगाडी मिळाली, पण गाडीवान बसला नाही. १९२९ मध्ये टांगा मिळाला, पण टांगेवाला बसला नाही. मधल्या काळात एक मूल जगातल्या मोठ्या विद्वानांपैकी एक झाले होते. स्टेशनबाहेरचा नियम तसाच होता. शिकून मोठे झालो की जात आपोआप मागे पडते, असे मानणाऱ्या आपल्या तरुणांनी ही दोन स्टेशने शेजारी ठेवून पाहावीत. शिक्षण हवेच, पण ते एकटे पुरत नाही, त्याला कायदा आणि संघटन यांची जोड लागते.

कायद्याने काय दिले?

मसूरच्या संध्याकाळचे उत्तर बाबासाहेबांनी लढ्यातून आणि कायद्यातून दिले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो होता. ठराव कागदावर राहिला, तेव्हा २० मार्च १९२७ ला महाडचे चवदार तळे झाले. तहानलेल्या मुलाला टोलनाक्यावर नाकारलेले पाणी आणि चवदार तळ्याची ओंजळ यांमधले नाते सांगायला वेगळ्या व्याख्यानाची गरज नाही.

पुढे संविधान आले. कलम १५(२) नुसार विहिरी, तलाव, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांबाबत जातीवरून कोणाला अडवता येत नाही. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, सार्वजनिक वाहनाचा वापर नाकारणे हा गुन्हा ठरवतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. पाणवठा, सार्वजनिक वाहन, रस्ता वापरू न देणे, तसेच सार्वजनिक ठिकाणी नवे कपडे किंवा पायताण घालण्यास अडवणे, हे सगळे त्यात स्पष्ट नोंदवले आहे. नवे कपडे घालून मसूरला उतरलेली चार मुले या कलमाच्या पाठीशी उभी आहेत असेच वाटते.

एक व्यवहारी सूचना. १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. त्यामुळे बौद्ध झालो म्हणून अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण जात नाही. जातीचा दाखला मात्र वेळेत आणि नीट काढून ठेवावा. प्रसंग घडल्यावर धावपळ करू नये.

आजच्या सेवा आणि भेटीचे नियोजन

आज मसूर हे पॅसेंजर गाड्यांवर चालणारे ग्रामीण स्टेशन आहे. ऊस आणि भाजीपाल्याचा हा पट्टा आहे. कराडला कॉलेजला जाणारी मुले, साताऱ्याला कोर्टकचेरीच्या कामाला जाणारे लोक, पुण्यात नोकरी करणारे कामगार यांना असे थांबे उपयोगी पडतात. कमी भाड्याची पॅसेंजर ही गरिबाची गाडी आहे. तिची फेरी रद्द झाली किंवा छोट्या स्टेशनचा थांबा गेला, तर पहिला फटका शेतमजूर, विद्यार्थिनी आणि रोजंदारीवाल्यांना बसतो. म्हणून थांब्याची मागणी ही आपल्या चळवळीचीही मागणी असायला हवी.

भेटीला जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी :

मार्गावरच्या सगळ्याच एक्स्प्रेस गाड्या छोट्या स्टेशनवर थांबत नाहीत. निघण्यापूर्वी १३९ या रेल्वेच्या चौकशी क्रमांकावर थांबा आणि वेळ पाहून घ्यावी.

गाडी सोयीची नसेल, तर कराड किंवा सातारा इथे उतरून एसटीने मसूरला यावे.

सातारा जोडूनच करावे. प्रतापसिंह हायस्कूल पाहून, तिथून गाडीने मसूरला उतरावे. भीमरावांनी ज्या दिशेने प्रवास केला, त्याच दिशेने आपलाही होतो.

सोबत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असावे. मराठी अनुवाद उपलब्ध आहेत. पहिले प्रकरण अर्ध्या तासात वाचून होते.

स्टेशन ही चालू सार्वजनिक जागा आहे. फलाटाचे तिकीट काढावे, रूळ ओलांडू नयेत, घोषणा-बॅनरपेक्षा शांत वाचन करावे. मोठा गट असेल, तर स्टेशन मास्तरांना आधी कळवावे.

आपण काय करू शकतो?

सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाण्यासाठी मध्य रेल्वे विशेष गाड्या सोडते आणि लाखो लोक रेल्वेने दादरला पोहोचतात. ज्या समाजाच्या मुलांना एका स्टेशनबाहेर गाडी मिळाली नाही, त्या समाजासाठी आज रेल्वे गाड्या वाढवते. हा बदल कोणाच्या मेहेरबानीने झालेला नाही.

तरी मसूरने विचारलेला प्रश्न आपल्यासाठी बंद झालेला नाही. आपल्या गावच्या स्टेशनवर, एसटी स्टँडवर, रिक्षा थांब्यावर उतरल्यानंतर वस्तीपर्यंत काय होते? वस्तीपर्यंत रस्ता आहे का, एसटी तिथवर येते का, नळाला पाणी समान येते का, दवाखान्याची गाडी आत शिरते का? शाखांनी, युवक मंडळांनी आपल्या गावापुरती ही पाहणी करावी. एक वही पुरते. तारीख, ठिकाण, काय नाकारले गेले, कोणासमोर, एवढे लिहून ठेवले की ग्रामसभेत, तहसील कार्यालयात आणि गरज पडल्यास पोलीस ठाण्यात बोलायला आधार मिळतो. बाबासाहेबांनीही वर्षे उलटल्यावर मसूर लिहून ठेवले, म्हणूनच आज आपल्याला ते माहीत आहे.

जय भीम.